पालकाचं पांघरूण आणि एचओएची परवानगी

ऑक्टोबरअखेरच्या फ्रॉस्टमध्ये (रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत) तुमची मेथी आडवी झाली, उरलेल्या पालक-कोथिंबिरीवर प्लॅस्टिक टाकावं का, आणि एचओए (आपल्या वसाहतीची घरमालक संघटना) काही म्हणेल का, असं विचारलंय तुम्ही. तो शेवटचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. (मी अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मध्य भागातली, म्हणजे सेंट्रल जर्सीतली. मिनेसोटावाल्यांची थंडी फार कडक, त्यांनी माझं ऐकू नये.)

तर, म्हणेल. आमच्या एचओएच्या ऑफिसात मी आधी फोन केला होता. 'मागच्या अंगणात ना, मग काही लागत नाही,' म्हणाले. वाफ्यावर कमानी रोवल्या, त्यांवर थंडी अडवणारं कापड ओढलं, पालक झकास आला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर एचओएचं पत्र: विनापरवाना स्ट्रक्चर, ताबडतोब हटवा, नाहीतर दंड. गुडघाभर उंचीचं स्ट्रक्चर! फोनवर कोण बोललं त्याची नोंद नाही म्हणे. अर्ज केला तर नकाशा आणा, रंगाचा नमुना आणा, आणि समितीची बैठक थेट जानेवारीत. शेजारी हवा भरलेला भलामोठा सांता डुलत होता, तो मात्र चालतो. कापड काढलं, पारा वीस फॅरनहाइटच्या खाली गेला, आणि आडोशाला लाडात वाढलेली पानं शिजवल्यासारखी लोळली. म्हणून सांगते, फोन करूच नका. ई-मेल करा, तोही ऑगस्टमध्ये. उंची, रंग आणि कापड कधी काढणार ती तारीख लिहा, आणि उत्तर जपून ठेवा.

आता प्लॅस्टिक. माझं मत विचाराल तर नको. उन्हं आली की बाहेर चाळीस फॅरनहाइट असतानाही आत पानं उकडतात. रोज सकाळी उघडा, संध्याकाळी झाका, हे नोकरी करणाऱ्याचं काम नाही. रो कव्हर म्हणून मिळतं ते पांढरं कापड घ्या, त्यातून हवा-पाणी जातं. चौरस यार्डाला अर्धा औंस वजनाचं पातळ कापड साधारण ८५ टक्के उजेड आत सोडतं, पण थंडी अडवतं जेमतेम २ ते ४ डिग्री फॅरनहाइट. दीड औंसाचं ६ ते ८ डिग्री अडवतं, मात्र उजेडही बराच खातं. मी पातळ कायम ठेवते, जाड फक्त कडाक्याच्या रात्री वरून टाकते. पान कापडाला टेकलं की तिथेच करपतं, म्हणून कमानी हव्यातच. कडांवर विटा ठेवा. जुन्या चादरी टाकू नका, भिजून झाडांवर बसतात.

पेरणी ऑगस्टच्या उत्तरार्धात उरकायला हवी. आमच्या सेंट्रल जर्सीत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिवस १० तासांहून लहान असतो, वाढ जवळपास थांबते. तोवर जेवढं वाढलंय तेवढंच कापडाखालून तोडत खायचं. आत्ता नवं बी टाकून काही मिळेल असं मला तरी वाटत नाही.

गोठलेली पानं सकाळी तोडू नका, घरात आली की लगदा होतो. दुपारी सैल झाली की तोडा. आणि कढीपत्त्याची कुंडी अजून डेकवर असेल तर आजच आत घ्या, त्याला कुठलंही कापड पुरत नाही.