पासच्या रांगेत सूर्यकिरण हुकलेल्या माणसाचं उत्तर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. गेल्या वर्षी हवाई कसरती बघायला गेलात, दोन तास उन्हात बसलात, हवाई दलाच्या सूर्यकिरण या नऊ विमानांच्या कसरती पथकाची विमानं नेमकी सूर्यातच शिरत राहिली, आकाशगंगा या पॅराशूट पथकाचे छत्रीवाले उतरलेच नाहीत आणि मोबाइलमध्ये उरले नऊ ठिपके. आता पुन्हा कार्यक्रम जाहीर झालाय, आई अडुसष्ट वर्षांच्या, मुलगा सात वर्षांचा, आणि पास देणारं ऑफिस तिसरी चक्कर मारायला लावतंय. एवढी यातायात करण्यात अर्थ आहे का, असं विचारलंय.

कार्यक्रमात अर्थ आहे, चकरांत नाही. तिसरी चक्कर मारू नका. पाणी न्या, टोपी घाला, लवकर निघा हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, म्हणून त्यात शिरत नाही. मी ना हवाई दलात होतो ना आयोजकांत. गेली चौदा-पंधरा वर्षं हौसेनं बघत आलोय एवढंच, तेव्हा माझं म्हणणं त्याच मापानं घ्या.

माझी गोष्ट २०१०-११ च्या हिवाळ्यातली. शहराचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की ऑफिसही ओळखू येईल आणि तिथं आता चांगली माणसं असतीलही. वडील हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होते. तरुणपणी नॅट या लढाऊ विमानांवर, नंतर हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत किरण या प्रशिक्षण विमानांवर. सूर्यकिरणचं पथक १९९६ मध्ये बिदरला उभं राहिलं तेव्हा बाबा निवृत्त होऊन बसले होते. म्हणजे आयुष्यभर ज्या विमानांचे डायल उघडले, त्यांचंच लाल-पांढऱ्या रंगातलं नऊचं पथक त्यांनी फक्त टीव्हीवर पाहिलेलं. ते आमच्या शहरात येणार म्हटल्यावर मी ठरवलं की बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं. तिथंच घोळ झाला.

माजी सैनिकांसाठी वेगळे पास होते. ते मिळण्याची वेळ दहा ते एक, खिडकी एकच, दिवस एकच. तो दिवस नेमका फुल ड्रेस रिहर्सलचा. मला ते माहीतही होतं. पण माझ्या डोक्यात रिहर्सल म्हणजे नाटकाची तालीम : पडदा अर्धा वर, कोणी संवाद विसरतंय. खरं काय ते उद्या, असं धरून चाललो.

पावणेदहाला रांगेत. साडेदहाला खिडकी उघडली, कारण साहेब साइटवर. सव्वाअकराला आमचा नंबर आला, तर डिस्चार्ज बुकची झेरॉक्स चालणार नाही, मूळ पुस्तक दाखवा. आधी फोनवर विचारलं होतं तेव्हा ‘झेरॉक्स आणा’ असंच सांगितलं होतं. फोनवर कोण होतं? ते माहीत नाही. लेखी आहे का? नाही. बरं, समोर उभ्या असलेल्या माणसाची पेन्शन याच पुस्तकावर चाललीय, ओळखपत्र हातात आहे, तरी नाही. मी बाबांना बाकावर बसवलं, म्हटलं, “जागा सोडू नका, नंबर जाईल,” आणि रिक्षा करून घरी पळालो.

त्या चाळीस मिनिटांत सूर्यकिरण येऊन गेलं. मी सिग्नलला अडकलेल्या रिक्षातून मान बाहेर काढली तेव्हा दोन इमारतींच्या मधल्या फटीत विरत चाललेला पांढरा धूर दिसला, बस. परत आलो तर बाबा बाकावरच. ऑफिसच्या अंगणात जायला वीस पावलं पुरली असती. रांगेतली निम्मी माणसं गेलीही होती. बाबा गेले नाहीत, कारण मुलानं सांगितलं होतं जागा सोडू नका. मला म्हणाले, “ऑर्फियस इंजिन. मार्क टू किरण आहेत, आमच्या दुंडिगलच्यांना व्हायपर होतं. आधी एकत्र होती, मग मधे दोन वेगळी झाली वाटतं.” पंख्याच्या घरघरीखाली बसून कानानं ओळखलेलं. पास मिळाले. गुलाबी रंगाचे, शिक्क्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग. आता हे तुम्हाला माहीत हवं म्हणून सांगतो : अशा पथकांकडे एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन आवृत्त्या तयार असतात. आभाळ मोकळं असेल तर लूप वगैरे उभ्या कसरती. ढगांचा तळ खाली असेल तर त्या गाळून सपाट आवृत्ती, म्हणजे वळणं आणि समोरून जाणं. ढग त्याहून खाली आले तर तेही नाही. आम्हाला सपाट आवृत्ती मिळाली, तीही धुक्यात. पॅराशूट रद्द. आणि फाटकावर? पास कोणी बघितलाच नाही. गर्दी इतकी होती की पोलिसानं हातानंच “चला, चला” केलं.

बाबा म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ फेब्रुवारी २०११, बंगळुरूच्या येलहंका तळावरचं एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन. लांब पडतं म्हणून मी टाळलं. त्यानंतर पथकच थांबलं. प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमानं २००९ मध्ये जमिनीवर आणली गेली होती, शिकाऊ वैमानिकांसाठी विमानं कमी पडत होती, म्हणून सूर्यकिरणची किरणं तिकडे लागली. २०१५ मध्ये हॉक विमानांवर पथक पुन्हा उभं राहिलं, आधी चारवर, मग वाढत वाढत नऊ. बाबा २०१३ मध्ये गेले.

तर त्या ऑफिसवर माझा राग आहेच, आजही आहे, पण जागा सोडू नका हे त्यांनी नव्हतं सांगितलं.

म्हणून माझं पहिलं आणि जवळजवळ एकमेव मत : रिहर्सल बघा. फुल ड्रेस रिहर्सलला सहसा तेच पथक, तोच क्रम, तीच वेळ असते आणि गर्दी कितीतरी कमी. बाहेरच्या रस्त्यावरून, गच्चीवरून, तलावाच्या काठावरून बघता येते, पास लागत नाही. मुख्य दिवशी हवा बिघडली तर निदान एक दिवस तुमच्या खात्यात जमा असतो. आणि ती ‘तालीम’ नसते हो. १९ फेब्रुवारी २०१९ ला येलहंक्याला एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी सरावातच सूर्यकिरणची दोन हॉक एकमेकांवर आदळली, विंग कमांडर साहिल गांधी गेले. सरावातही ती माणसं तेवढंच पणाला लावतात.

वेळ कळण्यासाठी एक आडवाटेची सूचना. अशा सरावांसाठी आकाशाचा तेवढा तुकडा इतर विमानांना बंद करतात आणि तशी ‘नोटॅम’ नावाची सूचना निघते. ती वाचायला अवघड नाही, फक्त त्यातली वेळ जागतिक असते, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे. ०५३० दिसलं की पहाटे साडेपाचला जाऊन बसू नका, ते अकरा. (हो, मी बसलोय.) नोटॅम आहे म्हणजे विमानं उडतीलच असं नाही, याची जबाबदारी माझ्यावर नको.

आता सूर्य. गेल्या वर्षी तुमचा घात पासनं नाही, दिशेनं केला. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा तुमचं तोंड उत्तरेकडे होईल अशी जागा शोधा, मग मागची रांग असली तरी चालेल. उदाहरणार्थ मुंबईत जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हला दुपारी बाराच्या सुमाराला कसरती झाल्या. तिथं चौपाटीच्या टोकाला उभं राहून दक्षिणेकडे बघणाऱ्यांपेक्षा नरिमन पॉइंटच्या बाजूची माणसं सुखात, असं माझं मत. लोकांना मंचाजवळ बसायचं असतं. ते चुकीचं नाही, कारण दोन विमानं समोरासमोरून एकमेकांना ओलांडतात ती जागा बहुधा मंचासमोरच धरलेली असते. पण डोळे मिटून ते ओलांडणं बघण्यात काय हशील?

आणि विमानं डोक्यावर येत नाहीत म्हणून मुलानं कुरकुर केली तर त्याला सांगा की ते मुद्दाम आहे. १९८८ मध्ये जर्मनीत रामश्टाइनला इटलीच्या पथकाची विमानं एकमेकांवर आदळून एक विमान थेट गर्दीत कोसळलं, सत्तर माणसं गेली. प्रेक्षकांच्या दिशेनं तोंड करून कसरती करण्यावर ठिकठिकाणी कडक बंधनं आली ती त्यानंतर.

आवाजाच्या मागं बघू नका. एक किलोमीटरवरून आवाज यायला तीन सेकंद लागतात. विमान ताशी ५४० किलोमीटरनं जात असेल तर तेवढ्यात ते साडेचारशे मीटर पुढं गेलेलं असतं. जिकडून आवाज येतो त्याच्या पुढं बघायचं. सात वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो, स्वानुभव आहे.

छत्रीवाल्यांचं वेगळं. ते न उतरल्याबद्दल कोणावर रागावू नका, त्यांचा मालक वारा. मैदानात धूर सोडतात ना, तो शोभेचा नसतो, उतरणाऱ्याला वारा कळावा म्हणून असतो. धूर सरळ वर जात असेल तर मजा आहे. जमिनीला चिकटून पळत असेल तर उडी रद्द होण्याची तयारी ठेवा. जमली तर बघायचं कसं? सगळे विमानाकडे बघत राहतात आणि विमान तर रिकामं होऊन निघून जातं. समजा दहा हजार फुटांवरून उडी पडली, तर छत्री उघडेपर्यंत माणूस ताशी दोनशेच्या आसपास वेगानं, अर्ध्या-पाऊण मिनिटभर नुसता पडत असतो. तेव्हा विमानाच्या मागं आणि खाली बघायचं, पायाला बांधलेल्या नळकांड्यांचा रंगीत धूर दिसेल. उडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाकतात, म्हणजे वारा ज्या दिशेनं येतोय तिकडे नजर ठेवा. शेवटी मात्र ते वळून वाऱ्याला तोंड देऊन टेकतात, जमिनीवरचा वेग कमी व्हावा म्हणून. मोठा झेंडा घेऊन उतरणाऱ्याला हे किती जड जात असेल, ते तो टेकतानाच बघावं. आकाशगंगा हे पथक १९८७ पासूनचं, आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधलं. गर्दीचं लक्ष तोवर जेटकडे लागलेलं असतं, म्हणून टाळ्या नेहमी कमी पडतात. तुम्ही वाजवा.

आईंसाठी सारंग. हे माझं लाडकं मत आहे, भांडायला तयार आहे. ध्रुव हेलिकॉप्टरचं पथक २००३ मध्ये बनलं, पुढच्या वर्षी सिंगापूरला पहिल्यांदा लोकांसमोर आलं. सारंग म्हणजे मोर, आणि अंगावर तो रंगवलेलाही असतो. वेग कमी, उंची कमी, सगळं नजरेच्या टप्प्यात. जेट शोधेपर्यंत वयस्कर माणसांची मान दुखून येते. सारंगला मान वर करावी लागते पण फिरवावी लागत नाही. शिवाय समोरासमोर येऊन एकमेकांना चुकवणं हेलिकॉप्टरमध्ये जास्त अंगावर येतं. मुलाच्या कानाला मात्र काही तरी बांधा. हॉकचा आवाज सोसवतो, पण सुखोई किंवा राफेल आफ्टरबर्नर लावून (म्हणजे इंजिनाच्या मागं जादा इंधन जाळून) वर गेलं की माझ्याही छातीत हलतं.

मोबाइलबद्दल : झूम करू नका, फोटो काढू नका, साधा रुंद व्हिडिओ घ्या आणि धुराची आकृती पुरी होऊ द्या. कॅमेरा असेल तर जेटला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगवान, हेलिकॉप्टरला उलट अडीचशेव्या भागाहून मंद, नाहीतर पाती थिजतात आणि ते टांगलेलं खेळणं दिसतं. ड्रोन घरी ठेवा, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. डबा उघडून उरलंसुरलं आजूबाजूला टाकू नका, घारी येतात आणि विमानांना धडकू शकतात. २०२५ च्या एअरो इंडियाला येलहंक्याच्या तेरा किलोमीटर परिसरात मांसविक्री बंद ठेवली होती ती याच भीतीनं.

परतीबद्दल मी गंभीर आहे. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीनावर पाच माणसं गेली, ऊन आणि गर्दी. सगळे एकाच वेळी निघतात तेव्हा हाल होतात. आई बरोबर असतील तर एक तर शेवटचा प्रयोग सोडून आधी उठा, नाहीतर सगळे गेल्यावर तासभर सावलीत थांबा. मधला मार्ग नाही. सावली आधीच हेरून ठेवा.

पासचं राहिलं. मिळाले तर घ्या, कोणी नातेवाईक आणून देत असेल तर उत्तमच. बसायला खुर्ची मिळते आणि आईंना ती लागेल. (काही ठिकाणी फाटकावर फार कडक तपासतात असंही ऐकलंय, माझा अनुभव सार्वत्रिक धरू नका.) पण रिहर्सलच्या दिवशी त्या खिडकीसमोर उभे राहू नका. ‘उद्या या’ म्हणाले आणि तो उद्या रिहर्सलचा असेल तर जाऊच नका.

तारीख आणि मैदान कळलं की इथंच लिहा. उत्तरेकडे तोंड करून बसता येईल अशी सावलीची जागा कुठं सापडते का, ते नकाशावर बघून सांगतो.