सहावीत येऊनही जोडाक्षरापाशी अडणारी मुलं

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत सहावीला शिकवते. वर्गातली नऊ-दहा मुलं अडखळत वाचतात. त्यातली काही धडा मात्र घडाघडा म्हणून दाखवतात. पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करावी का?

उत्तर : सगळ्या वर्गाला बाराखडीला बसवू नका. ज्यांना वाचता येतं ती मुलं कंटाळतील आणि ज्यांचं अडलंय त्यांचं नेमकं कुठे अडलंय हे कळणारच नाही. आधी एकेकाला शेजारी बसवून तपासा. पाच मिनिटं पुरतात. तीन कागद तयार ठेवा. पहिल्यावर जोडाक्षर नसलेले २० शब्द (कपाट, डोंगर, मिरची), दुसऱ्यावर जोडाक्षरांचे २० (रस्ता, पुस्तक, पाण्यात, सूर्य) आणि तिसऱ्यावर मुलांनी कधी न पाहिलेला १०० शब्दांचा उतारा. पाठ्यपुस्तकातला उतारा नको, तो पाठ असतो. शंका आली तर धड्यातल्या एखाद्या वाक्याच्या मधल्या शब्दावर बोट ठेवून विचारा. पाठ केलेलं मूल वाक्य पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येतं.

उताऱ्यात दहाहून जास्त शब्द चुकले तर तो मजकूर त्या मुलाला सध्या जड आहे. तिसरी-चौथीच्या पातळीचा मजकूर द्या, पण सुट्या कागदावर उतरवून. सहावीतल्या मुलाच्या हातात तिसरीचं पुस्तक दिलं की ते मूल वाचायचंच थांबतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

या वयातली बरीच मुलं पहिला कागद वाचतात आणि दुसऱ्यावर अडतात. म्हणून खरी मेहनत तिथेच घ्यायची. रोज १५ मिनिटं, एका वेळी एकच प्रकार, आठ-दहा शब्द. आधी काना, म्हणजे उभी रेघ, गळणारी अक्षरं : त्य, न्य, स्त, ल्ल. मग क आणि फ : वाक्य, मुक्काम, हफ्ता. काही मुलं ‘हप्ता’चं ‘हफ्ता’ लिहितात, त्यांच्यासाठी दोन्ही शब्द शेजारी लिहा. त्यानंतर गोल अक्षरं, द्य, ट्ट, ड्ड. क्ष, ज्ञ, श्र शेवटी, कारण त्यांत मूळ अक्षरं डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

‘पुस्तक’चं ‘पुसतक’ होतं ते अक्षर-अक्षर सुटं वाचायच्या सवयीमुळे. जोडाक्षरातला अर्धा भाग आधीच्या अक्षराला चिकटवून म्हणायला लावा : पुस्-तक, रस्-ता, सत्-य. आधी तोंडाने, मग टाळीवर, मग फळ्यावर, आणि शेवटी मुलाच्या स्वतःच्या वाक्यात.

‘र’ला स्वतंत्र आठ दिवस द्या. सूर्य, प्रकाश, ट्रक, दऱ्या अशी त्याची चार रूपं एकाच दिवशी दाखवली की गोंधळ उडतो. दोन दिवसांत एक पुरे. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कन्नड लिपीही असते. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर सहसा पहिल्याच्या खाली लटकतं, मराठीत पहिलं अर्धं होतं. रफाराची खूण कन्नडमध्ये पुढच्या अक्षराच्या उजवीकडे बसते, मराठीत डोक्यावर. तोच शब्द दोन्ही लिप्यांत शेजारी लिहून दाखवला तर फरक मुलांना स्वतःच सापडतो. कन्नडच्या शिक्षकांना सोबत घ्या.

ओघ वाढवायला ८०-१०० शब्दांचा एकच उतारा तीन दिवसांत चार वेळा वाचून घ्या. पहिल्यांदा तुम्ही वाचा, मुलांचं बोट ओळीवर. दरवेळी लागलेला वेळ मुलाने स्वतः वहीत लिहावा. सामूहिक वाचनावर विसंबू नका, कच्चं मूल त्या आवाजात लपून जातं.

प्रश्न : निपाणीत राहतो. घरी कन्नड, मुलगा मराठी शाळेत सातवीला. ‘माझा पुस्तक’, ‘बाजी’ असं लिहितो. शिकवणी लावावी का?

उत्तर : शिकवणीआधी कारण पाहा. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत पाटी ती, फळा तो, पुस्तक ते. हे नियमाने येत नाही, कानावरून येतं. म्हणून नवा शब्द कधी एकटा लिहू देऊ नका : ‘माझं पुस्तक’, ‘मोठा फळा’, ‘नवी पाटी’ अशा जोडीनेच लिहायचा. दिवसाला पाच जोड्या पुरे. ‘भ’साठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. ‘भाजी’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘बाजी’ला जवळजवळ स्थिर. ख, घ, थ, ध यांच्यासाठीही हेच करा. आणि त्याची कन्नड बंद करायला सांगू नका. घरच्या भाषेत समजून घेतलेली गोष्ट मराठीत लिहायला सोपी जाते.

प्रश्न : बेळगाव तालुक्यात सातवीला मराठी शिकवतो. निबंधात सगळ्यांच्या वहीत गाईडमधल्या त्याच दहा ओळी. काय करू?

उत्तर : विषय बदला. ‘माझा आवडता सण’ गाईडमध्ये असतो, आपल्या शेतातली रताळी नसतात. वेलाचे तुकडे कसे करतात, वरंब्यावर कसे लावतात, काढताना कुदळ जवळ मारली तर काय होतं, हे आधी दहा मिनिटं बोलून घ्या. मुलांच्याच तोंडचे सहा-सात शब्द फळ्यावर लिहा आणि मग आठ वाक्यं लिहायला सांगा. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांना चहा कसा करतात किंवा सायकलचं पंक्चर कसं काढतात असा विषय द्या.

पहिल्या कच्च्या लिखाणावर लाल पेन चालवू नका. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट तपासा, उदाहरणार्थ शेवटून दुसऱ्या अक्षराचा ऱ्हस्व-दीर्घ : फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. ‘शरीर’सारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत, शरीराला असंच राहतं. एकदम वीस चुका दाखवल्या तर मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहितं. आपल्याकडच्या मुली ‘मी शाळेला जातो’ लिहितात, ती इथली बोली आहे. काट मारू नका. वहीचं पान दुमडून डाव्या बाजूला ‘घरी’, उजव्या बाजूला ‘परीक्षेत’ असं लिहून घ्या आणि ‘मी शाळेत जाते’ हे समोर मांडा. संवाद लिहिताना डावी बाजू वापरायची मुभा ठेवा.