हुकूमशहा परदेशात पळाला, तर पीडितांना न्याय मिळू शकतो का?

हो, मिळू शकतो, पण बहुतेक वेळा पीडितांनाच त्यासाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरावी लागते. आफ्रिकेतल्या चाड देशाचा हुकूमशहा हिसेन हाब्रे डिसेंबर १९९० मध्ये सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला आणि डाकारमध्ये निवांत राहू लागला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेले सुलेमान गेनगेंग पेशाने हिशेबनीस. त्यांनी इतरांना गाठून एकेकाची कैफियत उतरवून घेतली, ७९२ जणांची, आणि जिवाला धोका असल्याने ते कागद कित्येक वर्षं लपवून ठेवले. पुढे २००१ मध्ये चाडची राजधानी एन्जामेनातल्या हाब्रेच्या गुप्त पोलिसांच्या ओसाड कचेरीत जमिनीवर विखुरलेली हजारो कागदपत्रं सापडली. त्यांत कोठडीत मेलेल्या १,२०८ जणांची नोंद होती. छळ करणाऱ्यांच्याच हातचा पुरावा!

सेनेगलने तरी टाळाटाळच केली. अखेर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बजावलं की खटला चालवा, नाहीतर त्याला दुसऱ्या देशाच्या हवाली करा. मग आफ्रिकन संघाच्या मदतीने विशेष न्यायालय उभं राहिलं आणि ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली.

मात्र शिक्षा म्हणजे पूर्ण न्याय नव्हे. न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई हाब्रे २०२१ मध्ये मेला तोवर पीडितांच्या हाती पडलेली नव्हती, आणि वाट पाहता पाहता त्यांतले अनेक जण गेले. म्हणून खटल्याच्या पहिल्या दिवसापासूनच आरोपीची मालमत्ता शोधून गोठवण्याची मागणी लावून धरायला हवी.