सरांना सांगितलंय, क्लास आहे

प्रिय ताई,

मी २७ वर्षांची, सांगलीत राहते. बी.कॉम.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. केलं आणि गेल्या वर्षी सनद घेतली. वडील नाहीत, धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. दिवसा सीनियर सरांबरोबर कोर्ट, संध्याकाळी ५ ते ९ एका कापड दुकानात बिलिंग आणि हिशेब. सर पेट्रोलपुरते पैसे देतात. घर चालतं ते दुकानावर. सनदेनंतर द्यावी लागणारी बारची परीक्षा एकदा दिली, ४१ गुण मिळाले, ४५ हवे होते. रात्री दहाला पुस्तक उघडते आणि साडेदहाला त्यावरच डोकं टेकतं. सर म्हणतात, संध्याकाळी ऑफिसला थांबत जा, ड्राफ्टिंग तेव्हाच शिकशील. मी त्यांना जेएमएफसीचा, म्हणजे न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा क्लास लावलाय असं सांगितलंय. आई म्हणते, काळा कोट घालून शेवटी कापडच मोजायचं होतं का? सनद तात्पुरती आहे, बारची परीक्षा दोन वर्षांत पास व्हायची, त्यातलं एक वर्ष गेलं. नोकरी सोडू की वकिलीच सोडू?

एक ज्युनिअर, सांगली

---

अगं, दोन्ही सोडू नकोस.

तुझं पत्र परीक्षेचं म्हणून सुरू होतं आणि सरांपाशी येऊन अडकतं. आधी परीक्षेचं उरकून घेऊ, कारण ते त्या मानाने सोपं आहे.

१०० प्रश्न, तीन-साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसती कलमं असलेलं कायद्याचं पुस्तक, समोर ठेवायला परवानगी. अशा परीक्षेत ४१ मिळालेल्या मुलीला कायदा येत नाही असं मी म्हणणार नाही. तिला कलम सापडायला वेळ लागतो, एवढंच मला दिसतं. रात्री दहाला तू कुठलं पुस्तक उघडतेस ते लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज, जाडजूड गाइड. ते बंद कर. परीक्षेत ते आत नेता येणार नाही, बेअर अ‍ॅक्ट नेता येईल. म्हणून ज्या प्रती तू हॉलमध्ये नेणार आहेस त्याच आत्तापासून हाताळ, आणि त्यांत पेन्सिलनेही काही लिहू नकोस. टिपा लिहिलेली प्रत चालत नाही.

अभ्यासक्रमात १९ विषय बघून छाती दडपते, पण गुण कुठे आहेत ते बघ. राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया १०, न्याय संहिता ८, पुरावा ८, कौटुंबिक कायदे ८, आणि करार, मालमत्ता हस्तांतरण, चेकचा कायदा वगैरे मिळून ८. झाले ६२. कंपनी, सायबर, पर्यावरण, भूसंपादन, बौद्धिक संपदा यांना दोन-दोन गुण आहेत. त्यांच्यासाठी रात्र जाळायची काही गरज नाही. ते प्रश्न अनुक्रमणिका चाळून किंवा अंदाजाने सोड, पण एकही कोरा ठेवू नकोस.

त्या ६२ पैकी निम्म्याहून जास्त गोष्टी तुझ्या डोळ्यांसमोर रोज घडतात. तू कोर्टात बसतेस, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) मोठा असतो, पुकारा व्हायला तास-दीड तास जातो. त्या वेळात बार रूममधल्या गप्पांना थोडी रजा दे. सरांनी पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज दिला की दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर १७ उघड. मनाईचा अर्ज असेल तर ऑर्डर ३९ चे पहिले दोन नियम, दावा दुरुस्ती असेल तर ऑर्डर ६ नियम १७. चेक न वटल्याची केस निघाली की चेकच्या कायद्यातली कलम १३८ आणि १४२ एकत्र वाच. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. ही साखळी अशी एकदा फाइलीत पाहिलीस की पाठ करावी लागत नाही. रात्रीचा अभ्यास बंद. दुकानातून आल्यावर जेव आणि झोप. पहाटे पाऊण तास मिळाला तर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात, आणि कलम शोधणंही त्यातच आलं.

एक खड्डा मात्र खरा आहे. तू कॉलेजात बहुतेक जुने फौजदारी कायदे शिकलीस आणि १ जुलै २०२४ पासून नवे लागू झाले. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं, हे एव्हाना पोलीस ठाण्याबाहेरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. फसवतात ते नव्या कायद्यातही असलेले, पण अर्थ बदललेले आकडे. ४८२ म्हटलं की आपल्या पिढीला हायकोर्टाचे अंगभूत अधिकार आठवतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. १४४ म्हणजे जमावबंदी हे तर बातम्यांमुळे घरोघरी झालेलं. आता १४४ म्हणजे पोटगी, जमावबंदी १६३ मध्ये. अशा जोड्या एका कागदावर लिहून काढ आणि तो कागद परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पर्समध्ये राहू दे.

आता सर.

व्यावसायिक नीतिमत्ता या विषयाला परीक्षेत चार गुण आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतले ४७ ते ५२ हे त्यातलेच. ४९ सांगतो की वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ५२ सांगतो की अर्धवेळ नोकरी चालते, पण राज्य बार कौन्सिलची संमती घेऊन. ते काम वकिलीच्या आड येणारं किंवा पेशाच्या प्रतिष्ठेला न शोभणारं नाही, अशी कौन्सिलची खात्री पटावी लागते. तुझ्या पत्रात संमतीचा शब्द नाही, म्हणजे घेतलेली नसावी. आपल्याच कौन्सिलचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, १९९६ चा चुलानी खटला. मुंबईत डॉक्टरकी करणाऱ्या एका गृहस्थांना ती चालू ठेवून सनदही हवी होती. ती मिळाली नाही. तुझं प्रकरण इतकं टोकाचं नाही, पण कौन्सिल या गोष्टी हलक्या घेत नाही हे ध्यानात ठेव. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला अर्ज कर. कामाचं स्वरूप लिही, वेळ लिही, ती कोर्टाच्या वेळेबाहेर आहे हे लिही, आणि मालकांचं तसं पत्र जोड. अर्जात 'मदतनीस', 'सल्लागार' असले शब्द घालून दुकानाला ऑफिस बनवायला जाऊ नकोस.

अर्ज जाण्याआधी सरांना सांगायला हवं. त्यांना वाईट वाटेल म्हणून तू थांबली आहेस. मला त्याहून व्यवहारातली अडचण दिसते. तू क्लासचं कारण जेएमएफसीचं दिलंस, म्हणजे न्यायाधीश व्हायचं तुझ्या मनात आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरतात, म्हणजे तुझं घड्याळ सुरू झालेलं आहे. पण त्या वर्षांचा दाखला लागतो. तो तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचा शेरा. तुझ्यासाठी अशी सही कोण करणार? ज्यांना तू रोज संध्याकाळी क्लासला जाते म्हणून सांगतेस, तेच. सांगलीच्या बाजारपेठेत एखाद्या लग्नसराईत सरांच्या घरच्या मंडळींना साडी घ्यायची झाली की संपलं. तुझ्या क्लासचा पत्ता त्यांना काउंटरवरच मिळेल.

सांगायचं कसं? शनिवारी काम संपल्यावर, पक्षकार गेल्यावर, उभ्याने नाही तर बसून. "सर, मी संध्याकाळी क्लासला जात नाही, दुकानात हिशेबाचं काम करते. घर त्यावर चालतं. तुम्हाला खोटं सांगितलं, ते चुकलं. कौन्सिलला परवानगीचा अर्ज करायचा आहे, तो तुम्ही एकदा बघाल का?" एवढंच. वडिलांपासूनची कहाणी सांगत बसू नकोस, त्यांना ती बहुधा ठाऊक आहे. ते चिडतील. चिडू देत. दुकानापेक्षा खोट्यावर चिडतील आणि त्यांचं बरोबर असेल. दुसऱ्या दिवशी साडेदहाला नेहमीसारखी फाइल घेऊन हजर राहा.

पैशाचा विषय त्यांनी काढला तरच काढ. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. ते मोबाईलवर उघडून सरांपुढे धरलंस तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस. मात्र "तुला किती लागतात?" असं त्यांनी विचारलंच, तर लाजून "तुम्ही द्याल ते" म्हणू नकोस. दुकानातून मिळतो तो आकडा सांग. त्यातला थोडा भाग त्यांनी उचलला आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ऑफिसला मिळाल्या, तरी ड्राफ्टिंग सुरू होईल.

आणखी एक वाट आहे, ती तुला सुचलेली दिसत नाही. नियम ५१ प्रमाणे वकिलाला शिकवायला मोकळीक आहे, कायदा असो की इतर विषय, फक्त ती पूर्णवेळ नोकरी होता कामा नये आणि स्वतःची जाहिरात करायची नाही. तू बी.कॉम. आहेस. अकरावी-बारावीच्या अकाउंटन्सीच्या शिकवण्या घरी घेतल्यास तर दुकानापेक्षा कमी तासांत तेवढेच पैसे येऊ शकतात. येतीलच असं नाही. मुलं जून-जुलैत जमतात आणि पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. म्हणून शिकवणी बसेपर्यंत दुकान धरून ठेव.

आईचं बोलणं फार मनाला लावून घेऊ नकोस. तिला कापडाची लाज नाही, तुझी दमछाक बघवत नाही. संमतीचा कागद आला की तिला वाचून दाखव.

समज, त्या दोन वर्षांत पास झाली नाहीस. तरी परीक्षा पुन्हा देता येते, पण पास होईपर्यंत वकिली थांबते आणि त्याबरोबर तीन वर्षांचा हिशेबही. म्हणून "परीक्षा पुढे ढकलू का" हा विचारही नको. पुढची जी तारीख जाहीर होईल तिचा फॉर्म पहिल्या आठवड्यात भर. परीक्षा सहसा रविवारी असते, आणि २०२४ व २०२५ मध्ये ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आली, म्हणजे ऐन लग्नसराईत. कापड दुकानात तेव्हा मालक रविवारची सुट्टी देत नाहीत. केंद्र पुण्याचं मिळालं तर शनिवारीच निघावं लागेल. दोन दिवसांच्या रजेचं मालकांच्या कानावर आत्ताच घाल, आणि बदल्यात दिवाळीच्या आठवड्यात जास्त थांबायची तयारी दाखव.

तुझी ताई