नोंदणी ‘मोफत’, पेन्शन महिना ३०० युरो

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘आठ महिन्यांपासून जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरी करतो. वय ३४, ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचं रेसिडेन्स परमिट) आहे, पगार वर्षाला ६२,००० युरो. एका खोलीच्या घरात राहतो. बायको आणि चार वर्षांची मुलगी भारतात आहेत. दोघींना आणायचं तर व्हिसा, पत्त्याची नोंदणी, रेसिडेन्स परमिट अशी फीची रांगच लागते. माझी नोंदणी ज्या सल्लागाराने मोफत करून दिली होती, तो आता दोघींच्या कामाचे ९०० युरो सांगतोय. चार-पाच वर्षांनी परतच यायचं आहे, तर एवढा खर्च आत्ता करावा की वर्षभर थांबावं? बाकी बचतीची काळजी नाही. त्याच सल्लागाराकडून ऱ्यूरुप पेन्शन (करसवलत असलेली खासगी पेन्शन पॉलिसी) घेतली आहे, महिना ३०० युरो. पाच वर्षांत पंचवीस हजार होतील, परतताना मोडून फ्लॅटच्या डाउन पेमेंटला वापरीन. टॅक्सही वाचतो.’

फीचा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो, तो आधी उरकू. इथून पुढचे सगळे दर आणि मर्यादा २०२५च्या आहेत. बायकोच्या राष्ट्रीय व्हिसाला ७५ युरो, मुलीला त्याच्या निम्मे. जर्मनीत आल्यावर रेसिडेन्स परमिट बायकोचं १००, मुलीचं ५०. झाले सव्वादोनशे ते पावणेतीनशेच्या मधे, नेमके २६२.५०. व्हिसा केंद्राचा सेवाशुल्क आणि कागदपत्रांची भाषांतरं वेगळी. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, बहुतेक शहरांत फुकट असते. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात जायचं, पासपोर्ट, एक फॉर्म आणि घरमालकाची सहीची चिठ्ठी द्यायची. ती चिठ्ठी देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, त्याचे पैसे तो मागू शकत नाही. अपॉइंटमेंटलाही पैसे पडत नाहीत. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६, घरटी एकच असते. ती तुम्ही भरताच आहात, दोघी आल्या म्हणून वाढणार नाही.

मग ९००मधले उरलेले सहाशे कशाचे? फॉर्म भरण्याचे. तुम्ही इंजिनिअर आहात, एकदा ही नोंदणी बघितली आहे. स्वतः करा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्याकडे येतो, कारण खरी गळती तिथे आहे. ऱ्यूरुप पेन्शन मोडता येत नाही. दंड भरून मोडता येते, कमी पैसे मिळतात, असंही नाही. मोडताच येत नाही. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तिच्यावर कर्ज काढता येत नाही. ६२ वर्षांच्या आधी एक सेंट हातात पडत नाही, आणि तेव्हाही एकरकमी नाही, फक्त महिन्याची पेन्शन, तुम्ही जगाल तोवर. तुमचं ६२वं वर्ष म्हणजे २०५३. बायको-मुलीसाठीचं संरक्षण करारात वेगळं घेतलेलं नसेल आणि मधे तुमचं काही बरंवाईट झालं, तर पैसे त्यांच्याकडे जात नाहीत, विमा कंपनीकडेच राहतात. हे अपवादाचं कलम नाही, या प्रकारच्या पेन्शनची व्याख्याच ही आहे. करसवलत मिळते ती या कुलपाच्या बदल्यात. ज्याला पाच वर्षांनी देश सोडायचा आहे, त्याला ती विकणाऱ्याने एक तर तुमचं ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

पंचवीस हजारांचा आकडाही त्याचाच असणार. महिना ३०० म्हणजे पाच वर्षांत १८,०००. त्याचे २५,००० व्हायला दर वर्षी १३ टक्के परतावा लागतो, तोही एक पैसा खर्च न कापता. इतका परतावा पाच वर्षांसाठी कुणीही कबूल करू शकत नाही. सहा टक्क्यांनी बिनखर्चाचे २१,००० होतात, आणि इथे खर्च भरपूर आहे.

तो कसा कापतात ते बघा. तुमचा करार ६७व्या वर्षापर्यंतचा धरला, तर ३३ वर्षांचे हप्ते, साधारण १,१९,००० युरो. या पूर्ण रकमेच्या अडीच टक्क्यांपर्यंतचा विक्रीखर्च कंपनीला सुरुवातीलाच लावता येतो आणि तो पहिल्या पाच वर्षांत वाटला जातो. अडीच टक्के म्हणजे जवळजवळ ३,००० युरो. तुम्ही ३३ वर्षं भरणारच आहात असं गृहीत धरून हे कमिशन ठरतं आणि तुम्ही राहणार त्याच पाच वर्षांत ते वसूल होतं. म्हणजे प्रत्येक ३०० च्या हप्त्यातले ५० आधीच गेले, त्यावर दर वर्षीचा व्यवस्थापन खर्च. नेमका आकडा तुमच्या कागदांत आहे: ऱ्यूरुपबरोबर एक ठरावीक नमुन्याचं माहितीपत्रक द्यावंच लागतं, त्यात खर्चामुळे परतावा किती टक्क्यांनी घटतो ते ‘इफेक्टिफकॉस्टन’ या नावाने छापलेलं असतं. ते पान काढून बघा. बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं, कारण सही ज्या बैठकीत होते तिथे टेबलावर आनमेल्डुंगचा फॉर्मही असतो आणि नव्या देशात आलेला माणूस सगळ्या कागदांवर सारख्याच विश्वासाने सह्या करतो.

तुमची मोफत नोंदणी अशी तीन हजारांना पडली.

राहिली करसवलत. ती खोटी नाही. ऱ्यूरुपचे हप्ते २०२३ पासून मर्यादेत राहून शंभर टक्के वजा होतात. पण सल्लागार हिशेब दाखवतात तो ४२ टक्क्यांचा. तो दर एकट्या माणसाला साधारण ६८,००० युरोंच्या करपात्र उत्पन्नानंतर लागतो. तुमच्या ६२,००० मधून पेन्शन आणि आरोग्य विम्याचे हप्ते गेल्यावर करपात्र उरतात ४८-४९ हजार. शेवटच्या युरोवर दर सुमारे ३५ टक्के. बायको आली की जोडप्याचा एकत्र हिशेब होतो, तेव्हा हाच दर २६ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे पाच वर्षं भरलेल्या १८,००० वर परत येणार साडेचार-पावणेपाच हजार, आणि उरलेले तेरा हजार २०५३ पर्यंत कुलपात. शिवाय २०५८ मध्ये, म्हणजे तुमच्या ६७व्या वर्षी, पेन्शन सुरू झाली तर जर्मन कायद्याने ती पूर्णच्या पूर्ण करपात्र. कर वाचला नाही, पुढे ढकलला गेला.

तेव्हा पहिलं काम: हप्ता थांबवा. करार सही केल्याचे आठ महिने झाले, त्यामुळे ३० दिवसांत रद्द करण्याचा हक्क गेला. आता उरतो तो मार्ग म्हणजे करार हप्तामुक्त करणं, जर्मनमध्ये बाइट्रागस्फ्रायश्टेलुंग. कंपनीला लेखी पत्र द्यायचं, सल्लागाराला नाही. भरलेले २,४०० मात्र परत मिळणार नाहीत. त्यातून खर्च जाऊन दोन हजारांच्या आत काहीतरी खात्यात पडून राहील. ६२ नंतर पेन्शन अगदीच किरकोळ निघाली, तर कंपनी ती एकरकमी देऊन खातं बंद करू शकते. त्याच्या भरवशावर काही बेत आखू नका, तो पैसा विसरा. यंदाच्या विवरणपत्रात त्या २,४०० ची वजावट मात्र नक्की घ्या, सहा-आठशे युरो परत येतील.

पत्र गेल्यावर सल्लागाराचा फोन येईल. ‘आता थांबलात तर नुकसान, निदान पाच वर्षं तरी भरा’ असं तो म्हणेल. पाचच का, ते सांगतो. हप्ते पाच वर्षांच्या आत थांबले तर त्याला मिळालेल्या कमिशनचा उरलेला भाग कंपनीला परत करावा लागतो. नुकसान आहे, पण ते त्याचं.

त्याच फोनवर त्याच्याकडे सल्ल्याची लेखी नोंद मागा. विमा विकणाऱ्याने तुमची गरज काय होती आणि सल्ला का दिला हे कागदावर लिहून देणं जर्मनीत सक्तीचं आहे. त्यात ‘काही वर्षांनी भारतात परत जाणार’ हे कुठेच नसेल, किंवा असूनही ऱ्यूरुपच सुचवलेली असेल, तर बर्लिनच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. ग्राहकाला खर्च नाही. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण चुकीच्या सल्ल्याची भरपाई मागायची तर सुरुवात याच कागदापासून होते. करार सोडवून देतो म्हणून आगाऊ फी मागणारेही भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा.

दुसरी गोष्ट तुम्ही ‘चार-पाच वर्षं’ असं सहज लिहून गेलात ती. पगारातून सरकारी पेन्शनला ९.३ टक्के जातात, तुमचे वर्षाला पावणेसहा हजार. भारतात परतल्यावर, हप्त्यांचे ६० महिने भरलेले नसतील, तर २४ महिने थांबून तुमचा वाटा परत मागता येतो, बिनव्याजी. नोकरी देणाऱ्या मालकाचा वाटा मिळत नाही. ६० महिने पुरे झाले की परतावा बंद, त्याऐवजी निवृत्तीच्या वयात जर्मन पेन्शनचा हक्क मिळतो, आणि ती भारतातही येते. ५९ महिन्यांवर निघालात तर २८,००० च्या आसपास, ६०वर निघालात तर म्हातारपणी दरमहा काहीतरी. दुसरा पर्याय वाईट नाही, त्यात मालकाने भरलेलंही धरलं जातं. पण फ्लॅटसाठी रोकड हवी असणाऱ्याला हा एक महिना त्या ९०० युरोंपेक्षा कितीतरी महाग पडू शकतो. परतीचं तिकीट काढण्याआधी महिने मोजा.

आता दोघींना आणण्याचं. वर्षभर थांबून २६२ युरो वाचत नाहीत, ते पुढच्या वर्षी द्यावेच लागतात. थांबण्याची किंमत मात्र मोठी आहे. बायको भारतात असताना तुमचा कर एकट्या माणसाचा. ती आली आणि कमावत नसली, तर तुमच्या पगारावर वर्षाला साडेचार हजार युरोंच्या आसपास कर कमी. मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, महिना २५५, वर्षाचे तीन हजार. दोन्ही मिळून साडेसात हजार. जोडप्याच्या हिशेबाची अट वर्षातल्या एका दिवसापुरती पुरी झाली तरी चालते, त्यामुळे त्या डिसेंबरात आल्या तरी यंदाच्या वर्षाला हिशेब लागू होतो. फक्त बायको भारतात नोकरी करत असेल, तर तिचा त्या वर्षातला तिथला पगार दर ठरवताना धरला जातो, म्हणून पहिल्या वर्षी लाभ कमी दिसेल. आरोग्य विम्याचे जादा पैसे नाहीत: तुमचा पगार ७३,८०० च्या खाली म्हणजे तुम्ही सरकारी विम्यात, आणि त्यात न कमावणारी बायको आणि मूल बिनहप्त्याचे येतात. हाच सल्लागार ‘एक्सपॅट’ आरोग्य पॉलिसी घेऊन आला तर त्याला हे ऐकवा.

याचा अर्थ साडेसात हजार खिशात पडले असा नाही. एका खोलीत तिघं राहणार नाही. मोठ्या घराचं भाडं श्टुटगार्टसारख्या शहरात महिना पाच-सहाशेने वाढलं तर वर्षाचे सहा-सात हजार तिथेच गेले. वर किंडरगार्टनची फी, ती गावागणिक वेगळी. शिवाय बायकोची भारतात नोकरी असेल, तर तो पगार थांबेल. हा खरा हिशेब, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. दुसऱ्या पारड्यात एक गोष्ट टाका: ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आल्याबरोबर कुठलीही नोकरी करायची मुभा असते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नसते. त्यांनी भारतातूनच भाषेचा वर्ग लावला तर वर्षा-दीड वर्षात अर्धवेळ नोकरीही भाड्याचा फरक भरून काढेल. मी असतो तर आत्ता आणलं असतं. पण हा निर्णय बायकोच्या नोकरीवर ठरवा, फीवर नाही.

सुटलेल्या ३०० युरोंचं काय? चार वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको, ईटीएफमध्येही नको. आधी चार-पाच महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात, मग मुदत ठेव. भारतात एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीची) ठेव केलीत तर तिथलं व्याज करमुक्त असतं, म्हणून जर्मनीतही असतं असं समजू नका. तुम्ही इथले रहिवासी, जगभरचं व्याज इथे दाखवायचं. जोडप्याला वर्षाला २,००० युरोंपर्यंतचं व्याज आणि नफा माफ आहे, तुमच्या रकमेला तेवढं पुरेल.

दोघी आल्या की नोंदणी दोन आठवड्यांत. करक्रमांक पोस्टाने येईल, तो आल्यावर फिनान्त्सआम्टकडे, म्हणजे करकार्यालयाकडे, करवर्ग तीन-पाचसाठी (तुम्हाला तीन, बायकोला पाच; दरमहा पगारातून किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं) अर्ज करा, आपोआप चार-चार लागतो. किंडरगेल्डचा अर्जही त्याच आठवड्यात, मागचं फक्त सहा महिन्यांचंच मिळतं. आणि हप्ता थांबवण्याचं पत्र त्याच्याही आधी, पुढचा हप्ता खात्यातून जायच्या आत, रजिस्टर्ड पोस्टाने.