लॉक काढायची पक्कड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोटारसायकलची आणि शेतातल्या मोनोब्लॉक पंपाची बेअरिंगं घरीच बदलायची आहेत. त्यासाठी सर्कलिपची, म्हणजे बेअरिंग जागेवर धरणारं खाचेतलं गोल लॉक काढायची पक्कड बघायला सांगलीला गेलो. दुकानदाराने एकाच मुठीला चार तोंडं बसतात असा सेट दाखवला. सुट्या पकडीही होत्या, पण त्या दोन घेतल्या तर सेटपेक्षा जास्त पैसे जातात. काय घ्यावं?
– एक वाचक, विटा

उत्तर : सुट्या दोन घ्या. सेटमधलं तोंड बारीक स्क्रूंवर बसतं. दोन-चार लॉकं काढली की ते स्क्रू ढिले होतात, मग दोन्ही टोकं एका पातळीत राहत नाहीत. एक टोक वर, एक खाली झालं की लॉक पिळलं जातं आणि भोकातून निसटतं. पिन इकडून तिकडे घालून आतल्याची बाहेरची होणारी पक्कड मिळते, तिच्या सांध्यातही असाच खुळखुळा असतो. दिवाळीला पंख्याची साफसफाई करण्यापुरता सेट चालेल. पंपाच्या लॉकापुढे तो टिकत नाही.

दोन पकडी अशासाठी की लॉकं दोन जातीची. बेअरिंगच्या घरात, म्हणजे भोकाच्या आतल्या खाचेत बसतं ते आतलं लॉक. ते आवळून काढायचं, म्हणून मूठ दाबल्यावर पकडीची टोकं जवळ आली पाहिजेत. शाफ्टवरच्या खाचेत बसतं ते बाहेरचं. ते फाकवायचं, म्हणून मूठ दाबल्यावर टोकं लांब गेली पाहिजेत.

आता माप. पकडीवर ती किती मिलिमीटरच्या लॉकासाठी आहे ते लिहिलेलं असतं. नेहमीची मापं अशी : १० (आतल्या पकडीला १२) ते २५ मिमी, टोक १.३ मिमी जाड. १९ ते ६० मिमी, टोक १.८ मिमी, त्यापुढे ४० ते १००, टोक २.३ मिमी. तुमच्या कामात बहुतेक ६२०२, ६२०३, ६२०४ नाहीतर ६२०५ बेअरिंग येणार. त्यांचा बाहेरचा व्यास अनुक्रमे ३५, ४०, ४७, ५२ मिमी. म्हणजे आतल्या लॉकाला १९ ते ६० ची एक पक्कड सगळीकडे पुरते. शाफ्ट मात्र १५, १७, २० आणि २५ चे. पहिले दोन १९ च्या खाली येतात. म्हणून दोन्ही पकडी एकाच मापाच्या उचलू नका, बाहेरची १० ते २५ ची घ्या. २५ च्या शाफ्टला तीही चालते, पण असं काम वारंवार असेल तर १.८ च्या टोकाची तिसरी पक्कड पुढेमागे घ्यावी.

तोंड सरळच घ्या. वाकड्या तोंडाची टोकं जोर आला की जास्त लवतात. सरळ पक्कड जिथे शिरतच नाही तिथेच वाकडीचा उपयोग.

दुकानात जाताना जुनं लॉक खिशात ठेवा. पकडीची टोकं त्याच्या भोकांत घालून बघा : पूर्ण आत गेली पाहिजेत, पण सैल खेळता कामा नयेत. भोकापेक्षा फार बारीक टोक जोर आला की पिळून तुटतं. मग एक जबडा धरून दुसरा आडवा हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर ती ठेवून दुसरी मागा. टपारिया कंपनीच्या सरळ-वाकड्या, आतल्या-बाहेरच्या चारही जातीच्या पकडी मिळतात. आणि मागताना ‘सर्कलिपची’ असंच सांगा. नुसतं ‘लॉक पक्कड’ म्हणालात तर व्हाइस ग्रिप, म्हणजे वस्तू आवळून धरून ठेवणारी पक्कड काढून देतील.

प्रश्न : जुनं लॉक व्हर्नियरने मोजून त्याच मापाचं नवं आणलं, तर ते खाचेत सैल फिरतं. खाच झिजली असेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : खाचेला दोष देण्याआधी माप तपासा. लॉकाचं माप म्हणजे शाफ्टचा किंवा भोकाचा व्यास, लॉकाचा स्वतःचा नव्हे. २० मिमी शाफ्टचं नवं लॉक मोकळं असताना आतून १८.५ मिमी भरतं. ते १९ मिमीच्या खाचेत बसतं म्हणूनच घट्ट धरतं. आतल्या लॉकाचं उलट : ४७ च्या भोकाचं लॉक मोकळं असताना बाहेरून ५०.५ भरतं आणि खाच असते ४९.५ ची. तुम्ही मोजलेलं जुनं लॉक तर आधीच फाकलेलं असणार. व्हर्नियर शाफ्टला लावा.

माप बरोबर असूनही सैल असेल तर बसवताना ते जास्त फाकवलं गेलं. शाफ्टवरून जेमतेम सरकेल इतकंच उघडायचं. एकदा ताण गेलेलं लॉक चिमटून पुन्हा ताणात येत नाही, फेकून द्यावं.

बाजूही बघा. पत्र्यातून कापलेल्या लॉकाची एक कड गोलसर, दुसरी धारदार असते. नख फिरवलं की कळतं. गोलसर बाजू बेअरिंगकडे आणि धारदार बाजू बाहेर, म्हणजे जोर आल्यावर ती कड खाचेच्या भिंतीला पुरती टेकते. उलट बसवलं तर गोल कडेवरून लॉक खाचेबाहेर चढू पाहतं.

प्रश्न : पंपाचं लॉक गंजून चिकटलं होतं. जोर केला तर पकडीचं टोक मोडलं आणि लॉक उडून भिंतीवर आपटलं. कसं काढायचं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भिंतीवर गेलं हे नशीब. चष्मा घातल्याशिवाय लॉकाला पक्कड लावायची नाही, आणि लॉकाच्या समोर तोंड आणून बघायचं नाही. मोकळ्या हाताने वरून जाड फडकं धरा.

चिकटलेलं लॉक पकडीने सुटत नाही, ते आधी सुटं करून मगच पक्कड लावायची. क्षारपड भागातल्या विहिरीच्या पाण्याने खाचेत पांढरी खर आणि गंज दोन्ही बसतात. टोकदार सुईने खाच आणि लॉकाची दोन भोकं कोरून घ्या. भोकात घाण राहिली तर टोक अर्धंच जातं, आणि टोक मोडतं ते बहुधा तिथेच. डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबा. मग लॉकाच्या कानाला, म्हणजे भोक असलेल्या टोकाला बोथट पंच लावून खाचेच्या रेषेत हलकेच ठोका. लॉक खाचेत थोडं फिरलं की सुटलं समजा.

परत बसवताना खाच पॉलिश पेपरने साफ करा. नीट बसलं की ‘टिक’ असा आवाज येतो. आवाजावर विसंबू नका. स्क्रूड्रायव्हरने लॉक ढकलून पुरतं गोल फिरवून बघा. एखाद्या जागी अडलं किंवा वर आलेलं दिसलं तर खाली घाण आहे.

प्रश्न : काही लॉकांना भोकंच नसतात. त्यांना कोणती पक्कड?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : सर्कलिपची कोणतीच नको. इंग्रजी ई सारखं दिसणारं लॉक चपट्या स्क्रूड्रायव्हरने उघड्या तोंडाच्या बाजूने मागे ढकलायचं, फडकं वर धरूनच. पिस्टन पिनचं तारेचं लॉक नोज पकडीने निघतं. त्याआधी खाली क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचं तोंड कापडाने बंद करा. हे लॉक दरवेळी नवंच घालायचं, आणि त्याची फट पिस्टनच्या कापलेल्या खाचेसमोर येऊ द्यायची नाही.