वाचकांचे प्रश्न : जुन्या पीसीचा घरगुती फाइल सर्व्हर

प्रश्न : घरात २०१३-१४ सालचा डेस्कटॉप पडून आहे. चौथ्या पिढीचा कोअर आय-३, एच-८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि कागदपत्रे एका जागी ठेवायची आहेत. हा चालेल का? पैसे कशावर घालावेत? (सांगली)

उत्तर : चालेल, आणि चांगला चालेल. फायलींच्या देवघेवीला प्रोसेसर फारसा लागत नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट ही फाइल सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम घेतलीत तर ४ जीबी रॅमही पुरते. ट्रूनॅस या तशाच दुसऱ्या सिस्टिमला किमान ८ जीबी लागते, त्यामुळे या मशीनवर त्याच्या मागे लागू नका. पैसे घालायचे ते नव्या हार्ड डिस्कवर आणि एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या खोक्यावर). मदरबोर्ड गेला तर फायली डिस्कवर शाबूत राहतात. एसएमपीएस बिघडून व्होल्टेज चढले, तर तो डिस्कलाही घेऊन जाऊ शकतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला दहा वर्षांचा एसएमपीएस सरळ बदला. उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. डिस्कसाठी सॅटा (डिस्क जोडायच्या पद्धतीची) पॉवरची पिन कमी पडली, तर एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेला स्वस्त मोलेक्स-सॅटा जोड (जुन्या चार पिनी प्लगचा सॅटा करणारा) वापरू नका. त्याच्या आत तारा एकमेकींना टेकून जोड जळतो.

जुन्या ५०० जीबी डिस्कची आधी स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहा. ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’पुढे शून्याहून मोठा आकडा असेल, तर तिच्यावर एकही फोटो ठेवू नका. फक्त ‘सीआरसी एरर’ वाढत असतील तर दोष बहुधा सॅटा केबलचा असतो. केबल बदलली की आकडा वाढायचा थांबतो. नवी डिस्क घेताना ती सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का हे विचारा. पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर डिस्कवर सलग मोठे लेखन करताना वेग मध्येच कोसळतो.

बोर्डावर सॅटाचे चार पोर्ट असतात : दोन ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. यांत्रिक हार्ड डिस्कला ३ गिगाबिटही भरपूर होतात, त्यामुळे कोणती कुठे लावायची याचा विचार करत बसू नका.

ओपनमीडियाव्हॉल्ट ज्या डिस्कवर बसते ती अख्खी डिस्क स्वतःकडे घेते. बरेच जण ते मोठ्या डिस्कवरच बसवतात आणि मग फोटोंसाठी जागाच दिसत नाही. म्हणून एक छोटी एसएसडी फक्त त्यासाठी ठेवा. १६ जीबीच्या पुढची कुठलीही चालते. इन्स्टॉल करताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून भलतीच पुसली जाणार नाही. राउटरला लॅन केबल जोडूनच सुरुवात करा. मशीन पुन्हा सुरू झाले की पडद्यावर आयपी पत्ता दिसतो. तो दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका, ‘अ‍ॅडमिन’ नावाने आत जा आणि पहिल्यांदा पासवर्ड बदला. मग संगणक बंद करून मोठी डिस्क जोडा. पुन्हा सुरू करून तिच्यावर ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम तयार करा, माउंट करा (म्हणजे वापरासाठी जोडून घ्या), शेअर्ड फोल्डर बनवा, घरातल्या प्रत्येकाचा यूजर तयार करा आणि शेवटी एसएमबी सेवा (नेटवर्कवरच्या संगणकांना फोल्डर दाखवणारी) चालू करून त्यात ते फोल्डर जोडा. प्रत्येक बदलानंतर वरती पिवळी पट्टी येते. तिथली बरोबरची खूण दाबली नाही तर बदल लागूच होत नाही. ‘सगळे केले तरी फोल्डर दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच पट्टीत असते.

विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या पासवर्डाशिवायचा गेस्ट प्रवेश नाकारतात, म्हणून यूजर तयार करायचा कंटाळा करू नका. राउटरमध्ये या मशीनचा आयपी कायम करून घ्या. बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करा. तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल बदला, नाहीतर ही सेटिंगही पुसली जाते.

विजेचे गणितही मांडून ठेवा : रिकामे असताना ४० वॅट धरले तर महिन्याला सुमारे २९ युनिट. याहून जुना, ७० वॅट खाणारा पीसी ५० युनिटांवर जातो. तो मी तरी चोवीस तास लावणार नाही.

प्रश्न : डेस्कटॉपऐवजी जुना लॅपटॉप वापरला तर? (चिपळूण)

उत्तर : वीज कमी लागते आणि बॅटरी ठीक असेल तर तीच यूपीएसचे काम करते. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. ती आधी काढा. झाकण मिटले की लॅपटॉप झोपतो, ते लॉगइनडीच्या (लिनक्समधल्या लॉगइन सेवेच्या) सेटिंगमध्ये ‘इग्नोअर’ करावे लागते. खरी अडचण डिस्कची. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. तेवढ्यावर पोर्टेबल डिस्क टकटक करत मध्येच सुटते आणि फाइल सिस्टिम बिघडते. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क घ्या.

प्रश्न : दोन डिस्कचा मिरर केला (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिले जाते) तर बॅकअप वेगळा लागतो का? (ठाणे)

उत्तर : लागतो. चुकून पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. घरासाठी मी दुसरी डिस्क मिररला न जुंपता बाहेर ठेवीन : आठवड्यातून एकदा जोडायची, आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने नक्कल घ्यायची, काढून कपाटात ठेवायची. महिन्यातून एकदा त्यातली दोन-चार फोल्डरे उघडूनही पाहा.

प्रश्न : सर्व्हर झाला, पण कॉपीचा वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. (नाशिक)

उत्तर : हा आकडाच सांगतो की जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. गिगाबिटवर ११० च्या आसपास मिळायला हवे, म्हणजे १०० जीबीला अडीच तासांऐवजी पाव तास. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तार तुटलेली किंवा क्लिप नीट न दाबलेली असेल तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते. आधी तयार कॅट-५ई केबल लावून पाहा. तरीही तेच, तर राउटरचे लॅन पोर्ट १०० चेच असतील. मग एक गिगाबिट स्विच घ्या आणि सर्व्हर व संगणक दोन्ही त्यात जोडा.